करंड्यांसाठी पडाउक शोधताना

भाचीच्या मंगळागौरीला येणाऱ्या बारा जणींना हळदीकुंकवाचा लाकडी करंडा द्यायचा, असे मी चैत्रातच कबूल करून बसलो होतो. निवृत्तीनंतर वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक लहान लेथ मांडला आहे, त्यामुळे कातकामाची चिंता नव्हती. करंड्याच्या दोन वाट्या कोणताही रंग न लावता, लाकडाच्या अंगच्याच रंगात व्हाव्यात, अशी माझी हौस होती. हळदीच्या वाटीसाठी पिवळसर हेद, ज्याला इथे हळदरवो म्हणतात, तो सहज मिळाला. कुंकवासाठी मनात होते ते आफ्रिकेतले पडाउक. आपल्या बिबळ्याच्या आणि रक्तचंदनाच्याच कुळातले हे लाकूड नुकते कापलेले असताना शेंदरी-लाल दिसते.

गुजरातेत परदेशी लाकूड दुर्मीळ नाही. कंडला बंदरात ओंडके उतरतात आणि गांधीधामच्या आसपासच्या सॉ मिलमध्ये ते चिरले जातात. अडचण लाकडाची नसून मापाची होती. वडोदऱ्यातल्या लात्यांमध्ये, म्हणजे लाकडाच्या वखारींमध्ये, भाव घनफुटाचा असतो आणि माल अखंड फळीचा. मला किती हवे होते, ते मी कागदावर मांडले. तीन इंच लांब, तीन इंच रुंद आणि अडीच इंच उंच असा एक ठोकळा साडेबावीस घनइंचांचा होतो, बारांचे दोनशे सत्तर होतात, आणि करवतीची वाट, भेगा, झाकणे व नासधूस धरून दुप्पट केले तर ५४० घनइंच. घनफुटात १७२८ घनइंच असतात. एक तृतीयांशही न लागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कोणता व्यापारी फळी कापेल? दोघांनी नम्रपणे, तर एकाने बऱ्यापैकी फटकळपणे नकार दिला.

मग पेन कातण्यासाठी ऑनलाइन विकले जाणारे लाकडाचे तुकडे पाहिले. पाऊण इंच जाड, पाऊण इंच रुंद आणि पाच इंच लांब असा एक तुकडा साठ रुपयांना होता. किंमत किरकोळ वाटली, पण एका घनफुटात असे सहाशे चौदा तुकडे बसतात, म्हणजे मी घनफुटाला जवळजवळ सदतीस हजार रुपये मोजणार होतो. तेव्हापासून कोणताही लहान तुकडा घेण्याआधी त्याचा घनफुटाचा भाव काढण्याची मला सवय लागली आहे.

वाट सापडली ती मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या एका फर्निचर कारखान्यात पडाउकाचे दरवाजे होत असत आणि त्यातून उरलेले हात-दीड हात लांबीचे तुकडे एका कोपऱ्यात पडलेले असत. ते बहुधा भट्टीत जात. मिस्त्रींनी किलोला एकशे वीस रुपये सांगितले. सुकलेले पडाउक घनमीटरला सुमारे साडेसातशे किलो भरते, म्हणजे घनफुटाला एकवीस किलो, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपये. मी सात किलो निवडून घेतले आणि बिलही मागून घेतले, कारण आफ्रिकेतल्या पडाउकाचा समावेश २०२२ मध्ये साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात झाला आहे आणि परदेशातून आलेला माल कागदपत्रांसह आलेला असावा, एवढी खातरजमा लहान गिऱ्हाइकानेही करावी, असे मला वाटते.

तरीही सात किलोंनी काम भागले नाही, आणि दोष माझ्या घाईचा होता. कमी पडतील म्हणून दुसऱ्या एका विक्रेत्याकडून आणखी तीन ठोकळे घेतले. त्यांच्या टोकांना मेण लावलेले होते. मेण टोके फाटू नयेत म्हणून लावतात, हे मला ठाऊक होते. पण त्याच मेणामुळे आतला ओलावाही आतच राहतो, हा विचार केला नाही. "पूर्ण सुकलेले आहेत," या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून त्याच आठवड्यात तीन वाट्या कातल्या. झाकणे इतकी नेमकी बसत होती की उघडताना टपकन आवाज येई. पंधरा दिवसांनी एकही झाकण बसेना. बोटाने कड चाचपली तर गोल वाटी लंबगोल झालेली होती. बहुतेक लाकडे वाढीच्या कड्यांच्या दिशेने जितकी आकसतात, तितकी गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसत नाहीत, म्हणून ओल्या लाकडाचे वर्तुळ वर्तुळ राहत नाही.

त्या वाट्या घेऊन मी संखेड्याला गेलो. लाखेच्या रंगाचे सागवानी पाळणे आणि झोपाळे तिथले खराडी पिढ्यान्‌पिढ्या कातत आले आहेत. एका वयस्कर कारागिराने वाटी गालाला लावली आणि म्हणाला, "साहेब, लाकडुं हजी लीलुं छे." गार लागले की ओले, इतकी सोपी परीक्षा. वाटी आधी जाड भिंतीची कातून ठेवावी, वाकायची ती वाकू द्यावी आणि मग पुन्हा लेथवर चढवावी, हेही त्यांनीच सांगितले. ते केले असते तर तीन ठोकळे वाचले असते.

आता मी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने तारीख लिहितो आणि दर रविवारी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो. वजन सलग तीन रविवारी बदलले नाही, तरच काम सुरू. "अहो, तो कणकेचा काटा आहे," ही तक्रार अधूनमधून ऐकावी लागते.

रंगाबद्दल एक गोष्ट मात्र अनुभवानेच कळली. हेदाच्या वाटीला पडाउकाच्या झाकणाची मूठ बसवून दोन्ही एकत्र घासले, तर लाल भुसा पिवळ्या लाकडाच्या छिद्रांत शिरून हळदीत कुंकू सांडल्यासारखे दिसते. स्पिरिटने पुसायला गेलो तर लाल आणखी पसरले, कारण पडाउकाचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. शेवटी हेदाचा भाग आधीच लाखेने बंद केला, दोन्ही भाग वेगवेगळे घासले आणि अखेरीस जोडले. उजेडात पडाउक हळूहळू तपकिरी होत जाते, हे भाचीला आधीच सांगून ठेवले आहे.

मंगळागौरीला नऊ करंडे पोहोचले, तीन उधार राहिले. त्यांतल्या एकासाठीचा ठोकळा मागच्या रविवारी ४१५ ग्रॅम होता, आज ४१२ भरला.