स्पॅनिशसाठी दोन दाबा

'पारा एस्पान्योल, ओप्रिमा एल दोस.' स्पॅनिशसाठी दोन दाबा. बाळंतपणानंतर नैराश्यात गेलेल्या शेजारणीसाठी मदत मागताना हे इतक्यांदा ऐकलं की फोनवर आलं तरी अजूनही माझं डोकं फिरतं.

आम्ही कॅलिफोर्नियात, सान होजेच्या पूर्व भागात राहतो. खालच्या घरातली लुपे (नाव बदललंय) मेक्सिकोतल्या मिचोआकानची. माझा मुलगा दोन वर्षं दिवसभर तिच्याकडे असायचा. ती मला 'कोमाद्रे' म्हणते, मुलांमुळे जोडली गेलेली बहीणच म्हणा. पुण्यात क्लास लावून शिकलेलं माझं स्पॅनिश खरं तर तिच्या स्वयंपाकघरात सुधारलं.

तिला तिसरं मूल झालं तेव्हा मी आळिवाचे लाडू घेऊन गेले. बघते तर सगळं आपल्याकडचंच. ४० दिवसांची 'क्वारेन्तेना', गार वाऱ्याला बंदी, कोंबडीचं गरम सूप, पोटाला घट्ट बांधलेली 'फाहा', बाळाच्या मनगटाला दृष्टीसाठी लाल दोरा. फक्त हे सगळं करणारी आई मिचोआकानात, व्हिडिओ कॉलवर. नवरा रात्रपाळीला. सूपही तिचं तीच करत होती.

क्वारेन्तेना संपली तरी बाळ झोपल्यावर ही टक्क जागी. केस विंचरणं बंद, फोन उचलणं बंद. विचारलं तर म्हणायची, 'नेर्व्हियोस.' म्हणजे नुसती घालमेल. आईला सांगितलं तर आई म्हणाली, 'एचाले गानास.' म्हणजे मन घट्ट कर. माझ्या बाळंतपणात मीही हेच ऐकलेलं, मराठीत.

बाळंतपणानंतरच्या तपासणीत नैराश्य ओळखायला एक फॉर्म भरून घेतात, एडिंबरा स्केल. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल, जास्तीत जास्त ३० गुण; गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. कॅलिफोर्नियात २०१९ पासून ही तपासणी कायद्यातच आहे. तिच्या क्लिनिकनेही केली. कशी? फॉर्म इंग्रजीत दिला आणि सोबत आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं, 'आईला वाचून दाखव.' दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. मुलगी तिथे अडखळली आणि तिने स्वतःच 'कधीच नाही'वर खूण केली. बेरीज ३. नर्स म्हणाली, छान!

लुपेने हे मला दोन आठवड्यांनी सांगितलं. 'पोरीसमोर काय बोलणार होते मी? आणि खरं सांगितलं तर बाळ काढून घेतील.' दवाखान्याने लहान मुलांना दुभाषी करणं, अगदी तातडीची वेळ सोडली तर, केंद्रीय नियमांत बसत नाही. दुभाषी फुकट मिळतो आणि तो देणं त्यांचं काम आहे. मला हे तेव्हा माहीत असतं तर मी तिथे जाऊन भांडले असते.

पुढच्या वेळी मी सोबत गेले. स्पॅनिश फॉर्म मागितला, तो त्यांच्याच कपाटात होता. फोनवर दुभाषी जोडून घेतला आणि मी बाहेर बसले. बेरीज १९. डॉक्टर भली होती. बाळाबद्दलच्या भीतीचं तिने सरळ उत्तर दिलं, अंगावर पाजताना चालणारं औषध सुरू केलं आणि समुपदेशनासाठी शिफारस पाठवली. म्हणाली, 'तिकडून फोन येईल.'

आता तो फोन.

पहिला आठवडा काहीच नाही. मग आम्ही लावला. दोन दाबलं. स्पॅनिश गाणं वाजलं, बारा मिनिटं. मग इंग्रजी आवाज: 'निरोप ठेवा.' लुपेने स्पॅनिशमध्ये ठेवला, पाठोपाठ मी इंग्रजीत. दोन दिवसांनी 'अनोळखी क्रमांक' असं झळकलं. लुपे अनोळखी क्रमांक उचलत नाही. आमच्या गल्लीत कुणीच उचलत नाही, इमिग्रेशनवाल्यांची धास्ती. निरोप आला, इंग्रजीत: परत फोन करा. परत केला. दोन दाबलं. गाणं. निरोप ठेवा.

असं तीनदा झालं. त्यात एकदा खरंच माणूस लाभला. तो म्हणाला, स्पॅनिश बोलणारी बाई मंगळवारी असते. मंगळवारी केला, तर ती रजेवर. 'मी बोलते ना तिच्या वतीने,' म्हटलं, तर नियम: रुग्णाशीच बोलणार. 'मग दुभाषी जोडा.' त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. ती वेळ कुठे मिळते? दोन दाबल्यावर.

लुपे हे सगळं पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती, बाळ मांडीवर. एकदा ती हळूच म्हणाली, 'राहू दे, कोमाद्रे. त्यांना मी नकोय.' त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटली.

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. तीन वेळा संपर्क करूनही प्रतिसाद न मिळाल्याने तुमची शिफारस बंद करत आहोत. इंग्रजीत.

मी ते पत्र घेऊन थेट डॉक्टरच्या नर्सकडे गेले, फोन नाही केला. तिने समोर बसवून शिफारस पुन्हा उघडली, 'तातडीची' असा शेरा मारला आणि कुठल्या क्रमांकावरून फोन येईल ते लिहून दिलं. तो क्रमांक आम्ही लुपेच्या फोनमध्ये 'दोक्तोरा' नावाने साठवला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

मधल्या काळात खरा आधार झाला तो राष्ट्रीय मातृ मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १-८३३-८५२-६२६२. २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, इंग्रजी आणि स्पॅनिश. इतर भाषांसाठी दुभाषी जोडतात. रात्री दोनला लुपेने लावला आणि पलीकडे स्पॅनिश बोलणारी बाई. पाऊण तास बोलली. पोस्टपार्टम सपोर्ट इंटरनॅशनल या संस्थेचा क्रमांकही आहे, १-८००-९४४-४७७३. तिथे स्पॅनिशसाठी एक दाबायचं. एक! त्यांचे स्पॅनिश गट ऑनलाइन भरतात, पैसे लागत नाहीत. लुपे पहिले दोन आठवडे कॅमेरा बंद ठेवून नुसती ऐकत बसली. तिसऱ्या आठवड्यात खिडकीतून तिच्या हसण्याचा आवाज वर आला.

आठवलं म्हणून सांगते: फोनवरचा दुभाषी सुरुवातीला आपला क्रमांक सांगतो, तो टिपून ठेवा, गोंधळ झाला तर तक्रार करता येते. आणि बाळंतपणानंतर मेडी-कॅल (कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्य विमा) दोन महिन्यांत संपतं असं लुपेला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती खर्चालाही घाबरत होती. २०२२ पासून ते १२ महिने चालतं.

समुपदेशक अखेर मिळाली, बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर. कोलंबियाची आहे, लुपेला ती आवडते.

परवा क्लिनिकचं आणखी एक पत्र आलं. लुपे जिना चढून वर घेऊन आली, केस धुतलेले, बाळ कडेवर. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच. इंग्रजीत. मी वाचून दाखवलं. तिने माझ्याकडून पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्पॅनिशमध्ये लिहायला बसली. पान भरलं, तसं तिने दुसरा कागद मागितला.