अंगठ्याचा उशीर

आज पहाटेच्या बॅचला यावलच्या मुलीची शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकची वेळ घेतली. माझ्या घड्याळात १:२४.६२ भरली, दादांच्या घड्याळात १:२४.०८. टँकच्या फळ्यावर माझ्या नावापुढे १९९८ पासून १:२४.३० लिहिलेले आहे. दोनच घड्याळे असली की सरासरी धरायची, ती १:२४.३५ आली आणि माझा विक्रम सेकंदाच्या पाच शतांशांनी वाचला. दादा काही बोलले नाहीत. आकडे वहीत उतरवून ते क्लोरीनचा डबा उघडायला गेले, आणि त्यांचे ते न बोलणेच दिवसभर माझ्या मागे लागले आहे.

शिट्टी ऐकून बटण दाबेपर्यंत अंगठ्याला थोडा उशीर होतोच. शेवटी मात्र भिंतीकडे येणारे हात आधीपासून दिसत असल्याने तो वेळेवर पडतो, म्हणून हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा किंचित कमीच भरते. मग माझी जास्त कशी भरली? ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात, ते पाहण्यात मी थांबले, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तिची दहाही बोटे मला दिसली होती. अंगठा तरीही वरच होता.

पाठीला पत्र्याचा डबा बांधून रावेरला मामांच्या केळीच्या मळ्यातील विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलीला त्या फळ्याखेरीज मिळाले तरी काय? राज्य स्पर्धा झाली, मग लग्न, मग... ते असो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा संध्याकाळीही तव्यासारख्या तापलेल्या काठावर उभे राहून, लोकांच्या मुलांना ‘पाय जुळवा, मग घसरा’ सांगण्यात २२ वर्षे गेली.

इथवर लिहिले आणि हसू आले. ज्या विक्रमासाठी मी डोळे पुसते आहे तोही हाताच्याच घड्याळाचा, आणि ते घड्याळ होते आप्पांच्या हातात. त्यांचा अंगठा त्या दिवशी किती घाईने पडला असेल, कोण सांगणार? द्रोणाचार्यांनी निदान अंगठा उघडपणे मागितला होता.

उद्या पुन्हा वेळ घ्यायची आहे, पहिल्याच एसटीने ये, असे तिला फोनवर सांगितले. “मॅडम, आज काही चुकलं का?” तिने विचारले. टर्न सुधारायचा आहे, असे मी म्हणाले. टर्न तिचा उत्तमच आहे. माझे घड्याळ उद्या वॉचमनकाकांच्या हाती देणार आहे.