चौकटीतला दुधी

दिवाणाच्या फटीत दुधीच्या सात फोडी सापडल्या, तेव्हा मला कळलं की गेले तीन दिवस आपण जिला 'जेवली बाई एकदाची' म्हणत होतो, ती जेवतच नव्हती. तूप-जिऱ्याची फोडणी दिलेल्या, मऊ शिजवलेल्या फोडी. गालात धरून ठेवायच्या, माझी पाठ वळली की काढायच्या आणि दिवाणात भरायच्या. वय वर्षं अडीच, पण साठवणुकीची अक्कल उंदराची.

ही धाकटी. हिच्याहून आठ मिनिटांनी थोरला असलेला भाऊ लपवाछपवी करत नाही. तो सरळ 'नको' म्हणतो आणि ताटली लोटून देतो. जुळी आहेत, पण नकार देण्याच्या पद्धती दोन. मी बत्तीस वर्षं शाळेत मुलं सांभाळली, त्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. शाळेत मुलं सहा वर्षांची होऊन यायची. त्याआधीच्या लढाया त्यांच्या आयांनी लढलेल्या असायच्या.

मे महिना. सोलापूरचा पारा ४३ वर. पुण्याचं पाळणाघर सुट्टीवर गेल्यामुळे नातवंडं आमच्याकडे, आणि त्यांच्या सामानात सुनेने घडी करून ठेवलेले कपडे, दोन सिपर आणि एक काळं, गोल, जड यंत्र. उघडलं तर आत दोन्ही बाजूंना चौकोनी दात.

"आई, वॅफल मेकर आहे. यात भाज्या घालून केलं की खातात दोघं," सून म्हणाली. "फक्त साखर नको. मीठ अगदी बेताचं. आणि तिखट नाही हं."

साखर नको हे पटलं. मीठ बेताचं हेही ठीक, एवढ्याशा पोटाला दिवसभरात किती लागणार. पण सोलापूरच्या घरात उभं राहून 'तिखट नाही' असं म्हणायचं म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत जाऊन पाळण्यात न बसता परत यायचं. आमच्याकडे शेंगाचटणीचा डबा ताटाच्या आधी मांडला जातो. असो. सून कामावर परत गेली, आणि ते यंत्र ओट्यावर माझ्याकडे बघत बसलं.

माझं पहिलं मत स्पष्ट होतं: हे नसते लाड आहेत. आमच्याकडे धपाटे आहेत. ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, थोडी कणीक, त्यात काकडी, दुधी, मेथी, घरात असेल ते किसून. कापडावर थापायचं, तव्यावर टाकायचं. भाज्या पिठात लपवण्याची विद्या आम्हाला परक्यांकडून शिकायची गरज नाही. म्हणून मी आधी धपाटेच केले. बिनतिखटाचे, छोटे. थोरल्याने लोटले. धाकटीने घेतले, आणि मी दिवाण तपासला.

मग यंत्र काढलं. नेमका गुरुवार होता. सुनेच्या कृतीत अंडं होतं आणि आमच्याकडे गुरुवारी अंडं चालत नाही. मी धपाट्याचंच पीठ दह्यात सैल केलं, दुधी किसून घातला, चिमूटभर सोडा घातला आणि ओतलं. दोन मिनिटांनी वास छान सुटला म्हणून झाकण उचललं. वॅफलची दोन शकलं झाली. अर्धं वर चिकटलेलं, अर्धं खाली, मध्ये गिळगिळीत हिरवट लगदा. थोरला पायाशी उभा राहून बघत होता. "फुटलं," तो म्हणाला, मोठ्या समाधानाने.

चूक शोधणं हा माझा धंदाच. एक, दुधी पिळला नव्हता. किसलेल्या दुधीत पाणी किती असतं ते बायकांना सांगायला नको, पण तव्यावर ते उडून जातं. इथे वरूनही झाकण आहे, वाफेला जायला वाट थोडी. दोन, झाकण घाईने उघडलं. या यंत्राला सांभाळायचं ते वाफेकडे बघून. कडेने भसाभसा वाफ येते तोवर आतलं ओलं आहे. वाफ मंदावून थांबत आली की मगच हात लावायचा. तीन, ज्वारी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून तर भाकरीला उकळतं पाणी लागतं, आधण ओतून पीठ मळलं की ते एकमेकाला धरतं. मग वॅफललाही तेच करायला काय हरकत?

केलं. वाटीभर ज्वारीच्या पिठावर अर्धी वाटी आधणाचं पाणी ओतून झाकून ठेवलं. पीठ मंगळवेढ्याकडच्या मालदांडीचं. त्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घराने ते तिला आजेसासूबाईंच्या काळातच दिलं होतं. पीठ कोमट झाल्यावर त्यात अर्धी वाटी डाळीचं पीठ, दोन चमचे रवा, अर्धी वाटी दही. गाजर किसून, दुधी किसून आणि घट्ट पिळून, पालक अगदी बारीक चिरून. पिळलेलं दुधीचं पाणी फेकायचं नाही, पीठ सैल करायला तेच वापरायचं. जिरेपूड, हिंग, हळदीचा कण, चमचाभर तूप. वीस मिनिटं झाकून ठेवलं की रवा फुगतो. शेवटी सोडा. यंत्राच्या दातांना ब्रशने तूप लावायचं, कोपऱ्या-कोपऱ्यात. घाईने फासलेलं चालत नाही. पीठ पळीने मध्यभागी घालायचं आणि कडेपर्यंत नेऊ नये, झाकण मिटलं की ते आपलं आपण पसरतं. माझ्याकडच्या यंत्रात सहा मिनिटं लागली.

निघालं. अखंड, तांबूस, चौकटी-चौकटींचं. एक शिकले: ताटलीत ठेवलं की दोन मिनिटांत खालून ओलं होतं, म्हणून निघालेलं वॅफल चाळणीवर टेकवून ठेवायचं. वर-खाली हवा लागली की कडक राहतं. कडक म्हणजे आपल्या कडक भाकरीसारखं नव्हे. ती महिनाभर टिकते आणि चावताना शेजाऱ्याला ऐकू येते. हे पाच मिनिटांचं कडक.

आणि पोरांनी खाल्लं. दुधी, पालक, गाजर, तेच सगळं, जे त्यांनी चार दिवस लोटलं आणि लपवलं होतं.

मला हे जरा लागलंच. तेच पीठ, तीच भाजी. माझ्या धपाट्यात काय कमी होतं? दोन दिवस मी नुसती त्यांच्याकडे बघत बसले, तेव्हा उमगलं. ती आधी खात नव्हती, बोट घालत होती. वॅफलच्या एका घरात बोट, मग शेजारच्या घरात. मी एका घरात दह्याचा थेंब घातला, तर धाकटीने सगळी घरं दाखवली, "इथे. इथे पण. इथे पण." एकही रिकामं राहिलेलं तिला चालेना. थोरल्याला काही घरांत दही आणि काहींत बिनतिखटाची, पीठ केलेली शेंगाचटणी हवी होती, आणि एकात दुसऱ्याचं गेलं की तो रडायचा. तेवढ्या वेळात वॅफल संपायचं. सपाट धपाट्याला हे जमत नाही. त्यात करण्यासारखं काही नाही, नुसतं खाण्यासारखं आहे, आणि अडीच वर्षांच्या माणसाला नुसतं खाणं फार कंटाळवाणं वाटत असावं.

समोरच्या अक्कांना मी एक वाटीत घालून दिलं. त्या तेलुगू, पद्मशाली. आमच्या पूर्व भागात गल्लीच्या गल्ल्या तशाच. त्यांनी उलटसुलट करून बघितलं. "बाई, हे आमच्या गुंटपोंगणालूचं उलटं आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे आपले आप्पे. आप्प्यात पीठ खड्ड्यात जातं, इथे खड्डा पिठात येतो. मला हे इतकं आवडलं की शाळेत असते तर फळ्यावर लिहिलं असतं. अक्कांनी मग आप्पेपात्रातही तेच पीठ घालून पाठवलं. गोल, गुबगुबीत, चवीला माझ्याहून चांगले. पोरांनी चेंडू म्हणून खेळले.

एका दुपारी पीठ ओतून झाकण मिटलं आणि वीज गेली. दीड मिनिट शिजलेलं वॅफल आणि वर बंद पंखा. त्यावेळी मला त्या कॉर्नेलियस स्वार्टवाउटची आठवण आली. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या या गृहस्थाने २४ ऑगस्ट १८६९ रोजी चुलीवर ठेवायच्या वॅफलच्या साच्याचं पेटंट घेतलं. हात न भाजता साचा उलटवता यावा अशी त्याची सोय. अमेरिकेत अजून त्या तारखेला वॅफलचा दिवस पाळतात. त्याचा साचा चुलीवर चालायचा. आमचा ७५० वॅटचा, विजेविना नुसता काळा दगड. मी झाकण उचकटलं, चमच्याने ते अर्धवट प्रकरण खरवडलं आणि तव्यावर थापलं. शेवटी धपाटंच झालं. मनातल्या मनात मी बरीच खूश होते.

यंत्राला यांनी हात लावलेला मला चालत नाही, हे मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. त्याला कारण आहे. बिल बॉवरमन नावाच्या अमेरिकन धावणे-प्रशिक्षकाने १९७० च्या सुमारास बुटाचे तळवे बनवायला बायकोच्या वॅफलच्या साच्यात रबरासारखं रसायन ओतलं आणि साचा कायमचा चिकटवून टाकला. त्यातून पुढे नाइकीचे बूट झाले म्हणतात. झाले असतील, साचा बायकोचा होता. आणि आमचे हे तर चाळीस वर्षं यंत्रमागांत घालवलेले, टॉवेलचे. दिसेल ते यंत्र खोलून बघायची सवय.

पण यांनी यंत्र नाही, वॅफल हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. चष्मा वर केला.

"ही हनीकोंब वीण आहे, मधाच्या पोळ्यासारखी," हे म्हणाले.

"दुधी आहे तो."

"अगं, दुधी असेल. वीण हनीकोंब आहे. कडा उंच, मध्ये खोल. चौकटीच्या कडेला ताण्या-बाण्याचे, म्हणजे उभे-आडवे धागे लांब मोकळे सोडायचे, मध्ये घट्ट विणायचं, की कडा आपोआप वर येते आणि मधलं खाली बसतं. पाणी धरून ठेवतं. टर्किश टॉवेलसारखे फासे नाहीत, तरी धरतं." मग जरा थांबून, "इथे दही धरलंय."

मी जुना शब्दकोश काढला, निवृत्त शिक्षिकेला दुसरं काय सुचणार. वॅफल हा शब्द डच 'वाफेल'वरून आलेला. त्याच कुळातला जर्मन शब्द 'वाबे', म्हणजे मधमाश्यांचं पोळं. आणि दोघांच्या मुळाशी जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ विणणं. मी वाचून दाखवलं. हे काही बोलले नाहीत, पण दोन दिवस घरात अशा थाटात फिरत होते की जणू तो शब्द अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून निर्यात झाला होता. ज्या गावाने चादर आणि टॉवेल यांवर पिढ्या काढल्या, तिथे ओट्यावर वीण भाजली जात होती आणि मी तिला नसते लाड म्हणत होते.

सून न्यायला आली त्याच्या आदल्या दिवशी यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. कधीकाळी एका ऑर्डरसाठी नमुना म्हणून विणलेला हात पुसायचा टॉवेल त्यात होता, हनीकोंबचा, पांढरा, घडीवर पिवळा पडलेला. ऑर्डर आली नाही, नमुना राहिला. हे जमिनीवर बसले आणि नातवंडांपुढे तो पसरून एकेक चौकट बोटाने दाखवू लागले, ताणा कुठला, बाणा कुठला. थोरला उठून निघून गेला. धाकटी मात्र जवळ सरकली. तिने एका घरात बोट घातलं. मग शेजारच्या. मग टॉवेलचा कोपरा उचलून तोंडात घेतला, चावून बघितला, आणि माझ्यापुढे धरला.

"आजी, दही घाल."