साताऱ्याचे शेणकिडे आणि एका जुन्या नावाचा तिढा : माझा अनुभव

यवतेश्वर, कासचा रस्ता आणि खाली कृष्णाकाठची गायराने एवढ्या परिसरातील शेणकिड्यांची यादी तयार करताना बहुतेक जाती गिल्बर्ट ॲरो यांच्या १९३१ मधील ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या खंडावरून ओळखता आल्या. ऑन्थोफॅगस या दोन हजारांहून अधिक जातींच्या वंशातील एक नाव मात्र काही केल्या बसेना. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसिउस यांनी दिलेले ते नाव पुढच्या याद्यांमध्ये नुसते उतरवले गेले होते. ते नेमक्या कोणत्या किड्याचे, हे कोणी तपासलेले दिसत नव्हते. निष्कर्ष अद्याप प्रकाशित व्हायचा असल्याने ते नाव येथे मुद्दाम देत नाही.

मूळ वर्णन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत मोफत मिळाले, पण ते लॅटिनमधील जेमतेम दोन ओळींचे आणि स्थळ म्हणून केवळ ‘पूर्वेकडील भारत’ सांगणारे होते. डोक्यावर दोन शिंगे असलेला काळा किडा, एवढ्यावर आमच्याकडील अनेक जाती बसतात. शिवाय एकाच जातीत मोठ्या नरांची शिंगे लांब, लहान नरांची नावापुरती, आणि माद्यांना बहुधा शिंगेच नसतात. त्यामुळे जुन्या लेखकांनी एकाच जातीला दोन-तीन नावे दिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. वर्णन कितीही वेळा वाचले तरी त्यातून असला प्रश्न सुटत नाही. नाव ज्या नमुन्यावर आधारले, तो नमुनाच शोधावा लागतो.

फाब्रिसिउस यांनी स्वतःच्या संग्रहाबरोबरच इतरांचेही संग्रह पाहिले होते आणि वर्णनाच्या अखेरीस संग्राहकाचे नाव ते थोडक्यात नोंदवीत. तेथे बँक्स असते, तर लंडनला विचारावे लागले असते. आमच्या वर्णनाखाली लुंड होते, आणि तो संग्रह कोपनहेगनच्या प्राणिशास्त्रीय म्युझियममध्ये आहे. आपले नमुने परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायदा, २००२ चे नियम पाळावे लागतात, म्हणून आम्ही तिकडूनच छायाचित्रे मागवली आणि तेथील अभिरक्षकांनी ती तत्परतेने पाठवली.

खरा गुंता येथून सुरू झाला. त्या नावाखाली दोन किडे टाचलेले होते आणि ते दोन वेगळ्या जातींचे निघाले. जुन्या संग्रहांत नंतर आलेले नमुनेही त्याच चिठ्ठीखाली लावले जात, त्यामुळे चिठ्ठी हा पुरावा अर्धाच असतो. एक किडा वर्णनातील शिंगांच्या ठेवणीशी जुळत होता, दुसरा उघडपणे विसंगत होता. आमच्या विनंतीवरून अभिरक्षकांनी जुळणाऱ्या नराचे जननांग काढून त्याचे छायाचित्र दिले, आणि ते साताऱ्याच्या नरांशी ताडून पाहिल्यावरच आमची खात्री पटली. आता त्या किड्याला लेक्टोटाइप, म्हणजे मूळ नमुन्यांपैकी नावाचा एकमेव आधार ठरणारा नमुना, म्हणून निवडणे हा सरळ मार्ग आहे. १९९९ नंतरच्या अशा निवडीत तो शब्द स्पष्टपणे वापरून ही निवड आपण जाणीवपूर्वक करीत आहोत, असेही सांगावे लागते, आणि आमच्या मसुद्यात दोन्ही आहेत.

यादीतील दुसऱ्या एका नावाचा मूळ नमुना कोठेच सापडला नाही. साताऱ्याचा एखादा चांगला नर घेऊन निओटाइप, म्हणजे नाहीशा झालेल्या मूळ नमुन्याच्या जागी नेमलेला नवा नमुना, ठरवावा, असे सहकाऱ्यांनी सुचवले, पण मी त्याला तयार झालो नाही. प्राणिनामकरण संहितेनुसार निओटाइप हा संग्रहातील रिकामी जागा भरण्यासाठी नसतो. नावाचा वाद खरोखर अडला असेल तेव्हाच तो ठरवायचा, आणि तोही शक्यतो मूळ स्थळाजवळचा नमुना घेऊन. फाब्रिसिउस यांच्याकडील कित्येक भारतीय किडे तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीतून गेलेले असताना सह्याद्रीचा किडा त्या जागी बसवणे मला पटण्यासारखे नव्हते. त्या नावावर आज कोणाचेच काम अडलेले नाही, म्हणून आमच्या यादीत ते ‘नोमेन डुबियम’, म्हणजे संदिग्ध नाव, या शेऱ्यासह वेगळे ठेवले आहे.