खोकल्याने मोडलेली बरगडी

गेल्या पावसाळ्यात आईचा खोकला तीन आठवडे हटला नाही आणि एका रात्री मोठी उबळ येऊन गेल्यावर तिला उजव्या कुशीवर वळता येईना. एक्स-रेमध्ये सातवी बरगडी मोडलेली दिसली. ती पडली नव्हती, कुठे आपटलीही नव्हती, म्हणून मी या हाडाविषयी वाचायला बसलो.

मिनिटाला 15 श्वास गृहीत धरले, तर बरगडी दिवसाला 21,600 वेळा आणि वर्षाला सुमारे 79 लाख वेळा हलते. मांडीच्या हाडासारखा शरीराचा भार तिच्यावर नसतो. पतंगाच्या कमटीसारखी ती थोडी थोडी वाकते, पण विसावा असा तिला नाही. या वाकण्याने पडणाऱ्या अतिसूक्ष्म भेगा हाडातल्या पेशी कोरून काढतात आणि ती जागा नव्या हाडाच्या एकात एक वर्तुळांनी भरतात. कोरायला काही आठवडे, भरायला काही महिने लागतात. तयार होणाऱ्या नळीला ऑस्टिऑन म्हणतात. तिचा व्यास साधारण 0.2 मिलिमीटर असतो आणि तिच्याभोवतीची पातळ सीमा, म्हणजे सिमेंट रेषा, पुढची भेग बऱ्याचदा अडवते.

हाड भारानुसार घडते, हे युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडले. बरगडीत त्याची खूण शोधायची तर तिच्या दोन भिंती पाहाव्यात: फुप्फुसाकडची भिंत सहसा त्वचेकडच्या भिंतीपेक्षा जाड असते. मात्र हा फरक केवळ भाराने पडला, असे म्हणणे मला घाईचे वाटते, कारण वाढीच्या वयात छाती रुंदावताना बरगडी बाहेरच्या बाजूला सरकत जाते आणि त्या सरकण्याचाही या भिंतींच्या घडणीत वाटा असतो.

न्यायवैद्यक तज्ज्ञ वय ठरवण्यासाठी बरगडीतले ऑस्टिऑन मोजतात, तेही भार आणि हाड यांच्या याच संबंधामुळे. शेतात राबणाऱ्याच्या आणि कचेरीत बसणाऱ्याच्या पायांच्या हाडांवरचा भार फार वेगळा असतो, पण श्वास दोघेही घेतात. त्यामुळे बरगडीवर कामधंद्याची छाप कमी आणि वयाची जास्त पडते. उतारवयात मात्र नवे ऑस्टिऑन जुन्यांवरच बसू लागतात, मोजणीचा अर्थ धूसर होतो आणि अंदाज ढिला पडतो.

आईच्या वयाला या भिंती पातळ आणि सच्छिद्र झालेल्या असतात. त्यात खोकताना छातीचे आणि पोटाचे स्नायू त्याच बरगडीला विरुद्ध दिशांना ओढतात. बरगडीला प्लास्टर घालत नाहीत, कारण श्वास खोलवर घेता आला पाहिजे. आईचे हाड सहा आठवड्यांत सांधले, तेही मिनिटाला 15 वेळा हलतच.