त्रेबेविचवरचा कोरडा कालवा

केबल कारच्या वरच्या स्टेशनातून बाहेर पडलो, झाडीतून थोडं चाललो आणि बाबा थबकले. "अरे, हा तर कालवा!"

बाबांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. डोंगरातून वळणं घेत जाणारं काँक्रीट दिसलं की त्यांना आधी पाणी आठवतं. पण हा होता बॉस्नियाची राजधानी सारायेव्होतल्या १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकमधला बॉबस्लेचा, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. शहराच्या डोक्यावरच्या त्रेबेविच डोंगरावरून खाली उतरणारा, साधारण १३०० मीटर लांबीचा. यातल्या बर्फावरून गाड्या ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने सुटायच्या. आता बर्फ नाही. ओलं शेवाळ, सुयांसारख्या पानांचा सडा आणि इंच न् इंच रंगवून टाकलेल्या भिंती. आम्ही आतूनच चालत खाली निघालो.

पहिल्या मोठ्या वळणावर भिंत डोक्याच्या वर जाऊन आत झुकली, तेव्हा बाबा खुलले. "सुपर एलिव्हेशन! घाटातल्या वळणाला रस्ता बाहेरच्या बाजूने उचलतो ना आपण, तेच. फक्त यांनी उचलत उचलत भिंतच करून टाकली." खिशातली घराची किल्ली काढून त्यांनी दोन ठिकाणी ठोकून पाहिलं. कान लावला. "चाळीस वर्षं पावसाबर्फात उघडं पडलंय, तरी आवाज बघ." कुणाच्या तरी कामाचं इतकं कौतुक त्यांच्या तोंडून मी फारसं ऐकलेलं नाही.

आणखी खाली एका भिंतीत आरपार भोक होतं. बाबांनी कडेवरून बोट फिरवलं. "हे झिजून पडलेलं नाही रे. मुद्दाम पाडलंय."

१९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत सारायेव्होला बॉस्नियन सर्ब सैन्याचा वेढा होता. १४२५ दिवस. त्यांच्या तोफा याच डोंगरावर होत्या आणि हा ट्रॅक त्यांना आयता आडोसा मिळाला. झाडांच्या फटीतून खाली लाल कौलांचं शहर दिसतं. इतकं जवळ की मशिदींचे मिनार मोजावेत. १९५९ ची जुनी केबल कारही त्या युद्धात गेली. आम्ही बसलो ती ६ एप्रिल २०१८ ला सुरू झालेली.

इंटरनेटवर 'ओसाड पडलेली ऑलिंपिक स्थळं' अशा याद्या असतात, त्यात हा ट्रॅक हमखास असतो. स्पर्धा संपली, पैसा वाया गेला, असा त्यांचा सूर. मला तो इथे पटत नाही. हे कुणी टाकून दिलेलं नाही, गोळे घालून मोडलेलं आहे.

खाली शहरात झेत्रा सभागृह आहे. १४ फेब्रुवारी १९८४ च्या रात्री इथल्या बर्फावर ब्रिटनच्या टॉर्व्हिल आणि डीन या आइस-डान्सच्या जोडीला कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी ६.० म्हणजे पैकीच्या पैकी गुण दिले. वेढ्यात याच सभागृहाच्या लाकडी खुर्च्यांच्या फळ्या काढून शवपेट्या केल्या. शेजारच्या मैदानात पांढऱ्या थडग्यांच्या रांगा आहेत. बाबांनी दोन-तीन दगडांवरची जन्मसालं वाचली आणि मग वाचणं सोडून दिलं. सभागृह पुन्हा बांधून १९९९ मध्ये सुरू झालंय.

दुपारी जेवणाची पंचाईत. बाबा शाकाहारी. इथे बुरेक म्हणून सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ मिळतो. मी चीजचा बुरेक मागितला तर दुकानातल्या बाईंनी अडाणी मुलाकडे बघावं तसं बघितलं. बुरेक म्हणजे मांसाचाच. चीजची ती सिर्नित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. बटाट्यावर आमचं भागलं. याच बुरेकवरून १९८४ ची एक घोषणा आहे. बॉस्निया आणि स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियातच होते. स्लोव्हेनियाच्या युरे फ्रांकोने स्कीइंगच्या जायंट स्लालम शर्यतीत रौप्य मिळवलं, युगोस्लाव्हियाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं ते पहिलंच पदक, तेव्हा लोक ओरडायला लागले, "आम्हाला युरेक बुरेकपेक्षा आवडतो!" मूळ भाषेत याचं झकास यमक जुळतं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून ब्येलाश्नित्सा डोंगराकडे. पुरुषांची डाउनहिल स्की शर्यत इथे झाली. नियमाप्रमाणे सुरुवात आणि शेवट यांत ८०० मीटरची उंची हवी, आणि डोंगर काही मीटर कमी पडत होता. मग शिखरावर रेस्टॉरंटची इमारत उभारली आणि शर्यत तिच्यातून सोडली. टॅक्सीवाल्याने हे सांगितल्यावर बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "लेव्हल कमी भरली म्हणून डोंगरावर मजले चढवले? आमच्या साहेबांना हे सुचलं नसतं."

परतताना इगमानच्या स्की-जंपपाशी थांबलो. दोन उंच रॅम्प, परीक्षकांचा मनोरा, त्यावर पाच वर्तुळं. फिनलंडचा मात्ती न्यूकेनेन इथल्या मोठ्या रॅम्पवरून उडून सुवर्ण घेऊन गेला. "मळलेली वाट सोडू नका," टॅक्सीवाला म्हणाला. युद्धात या भागात सुरुंग पेरले होते, आणि झाडीत जायचं नाही हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं.

गवतात विजेत्यांचा काँक्रीटचा चौथरा अजून आहे. एक, दोन, तीन. टॅक्सीवाल्याने हाताने खूण केली, फोटो काढतो, उभे राहा. बाबा तीन नंबरावर चढले.

"बाबा, एकवर या ना. फोटोच तर आहे."

त्यांनी एक नंबरावरच्या खळग्यांकडे पाहिलं. गोळ्यांचे होते, हे त्यांना किल्लीने ठोकून बघावं लागलं नाही.

"राहू दे," म्हणाले. "इथूनच काढ."