७९२ लागत नाही

सोमवार, रात्री साडेअकरा

स्कॅनर आला. म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी धुंडाळून ऐकवणारा रेडिओ. साबणाच्या वडीपेक्षा थोडा उंच, वर रबरी अँटेना, पोटात दोन पेन्सिल सेल. एवढ्याशा यंत्रात तेराशे मेमऱ्या (स्टेशनं साठवायचे कप्पे) आणि बावीस बँका (त्या कप्प्यांचे गट) आहेत म्हणे. माझं एका बँकेत खातं आहे आणि त्याचाही पासवर्ड धड लक्षात राहत नाही.

बटणं जेमतेम दहा-बारा. सगळी गोम ‘फंक्शन’ नावाच्या बटणात आहे. एखादं बटण नुसतं दाबलं तर एक काम, फंक्शन धरून दाबलं तर दुसरं, सेकंदभर दाबून ठेवलं तर तिसरं. माहितीपुस्तिकेतली अक्षरं मुंगीएवढी. दोन तासांत एवढंच जमलं की स्क्वेल्च कुठे आहे ते सापडलं. स्क्वेल्च म्हणजे आवाजाचा उंबरठा. सिग्नल त्याहून जोरकस असला तरच स्पीकर उघडतो, नाहीतर यंत्र गप्प. उंबरठा खाली आणला की नुसती खरखर, टँकरचं पाणी टाकीत पडतंय अशी. फार वर नेला की इतकी शांतता, की मला वाटलं बंद पडला. पहिला अर्धा तास मी त्या शांततेत बसून ‘पुण्यात रात्री कोणी काही बोलतच नाही की काय’ असा विचार करत होते.

आईने चष्मा लावून उलटसुलट करून पाहिलं.

“याला काटा कुठाय?”

“काटा नसतो आता. आकडा दिसतो बघ इथे.”

“काटा नाही तर आपण पट्टीवर कुठे आहोत ते कळणार कसं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मंगळवार

आईचा रेडिओ स्वयंपाकघरात फळीवर असतो. बाबांनी घेतलेला, काचेच्या पट्टीचा. पट्टीवर तिने दोन टिकल्या चिकटवल्या आहेत. लाल टिकली म्हणजे पुणे, हिरवी म्हणजे मुंबई. काटा टिकलीखाली आणायचा, संपलं. त्या दोन टिकल्यांमधल्या आकाशात काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही.

सकाळी प्रादेशिक बातम्यांच्या वेळी म्हणाली, “लाव तुझ्या मशीनवर पुणं.” पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झला आहे हे मला तोंडपाठ. मी ऐटीत वरची चकती फिरवायला लागले. ७७०, ७८०, ७९०, ८००. परत मागे. ८००, ७९०, ७८०. ७९२ येतच नाही! ७९०वर निवेदिका पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखी ऐकू येत होती. तेवढ्यात फळीवरच्या रेडिओवर तीच निवेदिका स्वच्छ, खणखणीत. आई काही बोलली नाही. पोळी उलटली फक्त.

दुपारी पुस्तिकेत उत्तर सापडलं. या यंत्रात ‘स्टेप’ नावाची गोष्ट असते. चकतीचा एक खटका फिरवला की आकडा कितीने सरकायचा, ते ती ठरवते. मीडियम वेव्हवर अमेरिकेत स्टेशनांमध्ये १० किलोहर्ट्झचं अंतर असतं, आपल्याकडे ९चं. माझं यंत्र अमेरिकन पावलं टाकत होतं, त्यामुळे ७९२च्या दारावरून दर वेळी पुढे निघून जात होतं. स्टेप ९ केली, ५३१पासून सुरुवात केली, आणि चढत चढत बरोबर ७९२वर येऊन उभं राहिलं.

आईला सांगितलं, तर चाळीस वर्षं गणित शिकवलेली बाई बोटंही न मोडता म्हणाली, “सात नि नऊ सोळा, नि दोन अठरा. नवाने जातो. मुंबईचा किती?” मी म्हटलं अस्मिता ५५८. “पाच, पाच, आठ. अठरा. जातो.” दुसरं मुंबई १०४४. “नऊ. जातो.” मी हॅमच्या, म्हणजे हौशी लोकांनी एकमेकांशी बोलायच्या रेडिओच्या, परीक्षेसाठी तीन महिने रेडिओचं पुस्तक घोकलं, त्यात हे कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

मग मेमरीत साठवण्याचा कार्यक्रम. बटण दाबून धरायचं, एक बीप येते, चकती फिरवून कप्पा निवडायचा, पुन्हा धरायचं, तीन बीप. दुसऱ्यांदा धरायला विसरलं तर काहीच साठत नाही, आणि यंत्र तसं सांगतही नाही. पहिल्या कप्प्यात ७९२. नावाला जागा सहा अक्षरांची, तीही रोमन. ‘पुणे आकाशवाणी’ कुठून मावणार? शेवटी नाव दिलं ‘आई’.

दुसऱ्या कप्प्यात १०१ मेगाहर्ट्झ, एफएमवरचं पुणे. तिथे पुन्हा आपटले. गाणं लागलं, पण आवाज फाटका, लताबाईंना सर्दी झाल्यासारखा. वीस मिनिटांनी कळलं की मेमरीत नुसता आकडा साठत नाही. त्या वेळी यंत्र ज्या मोडवर (सिग्नलमधून आवाज काढायची पद्धत) असेल तो मोड आणि स्टेपसुद्धा आत जाते. मी अरुंद एफएम ठेवून साठवलं होतं, ते वॉकीटॉकीसारख्या बोलण्यासाठी असतं. गाण्यांच्या स्टेशनांना रुंद एफएम लागतं. पुसलं, पुन्हा साठवलं. लताबाई बऱ्या झाल्या.

बुधवार

४७ मेमऱ्या झाल्या. आज बँका केल्या. एक घरची, एक एफएमची (विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ धरून), एक हॅमची, एक अवकाशाची. बाकीच्या अठरा रिकाम्या.

जिन्यात खालचे काका भेटले. “काय हो, त्यावर पोलिसांचं येतं का?” हा प्रश्न विचारणारे ते पाचवे. आल्या दिवसापासून एकानेही ‘त्यावर काय ऐकतेस’ असं विचारलेलं नाही, सगळ्यांना पोलीसच पाहिजेत. त्यांना सांगितलं, माझं लायसन हॅमचं आहे, दुसऱ्यांची बोलणी चोरून ऐकायला नाही. हे नियमांच्या पेपरातच असतं. काकांचा चेहरा पडला. आईला तर माझ्या लायसनचंही कौतुक नाही. “त्यात काय, आमच्याकडेही होतं. पोस्टात जाऊन पैसे भरायचो दरवर्षी.” खरंच आहे, तेव्हा नुसता रेडिओ ऐकायलाही लायसन लागायचं. आणि तिला परीक्षा द्यावी लागली नव्हती.

गुरुवार

दोन दिवसांपासून एक पीडा होती. हॅमच्या दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये शोध लावला की यंत्र ठरावीक चार-पाच जागी थांबायचं. बोलणं नाही, काही नाही, नुसती घूंऽऽऽ. पुढे ढकललं की एक फेरी मारून पुन्हा तिथेच येऊन बसायचं. पुस्तिकेत यावर दोन उपाय आहेत. साठवलेली मेमरी असेल तर तिच्यावर ‘वगळ’ अशी खूण करायची, किंवा ती फ्रीक्वेन्सीच कायमची वगळायची, म्हणजे शोधताना यंत्र तिथे थांबत नाही. मी वगळणारच होते, तेवढ्यात लाइट गेली. गुरुवार ना. गुरुवारची दुरुस्ती.

आणि घूं बंद!

म्हणजे चोर घरातलाच. लाइट आल्यावर स्कॅनर हातात धरून घरभर हिंडले. फ्रिजपाशी काही नाही, वायफायपाशी थोडं, पंख्याचा रेग्युलेटर निर्दोष. देवघराकडे जावं तसा आवाज वाढत गेला. बाळकृष्णामागे आईने गणपतीत आणलेली एलईडीची माळ, आणि तिचा तो तळहाताएवढासुद्धा नसलेला अडॅप्टर. तो काढला की गप्प, लावला की घूं. पाच-सहा वेळा करून पाहिलं. आई मागे उभी.

“काय चाललंय?”

“माळ बंद ठेवूया का रात्री थोडा वेळ?”

“देवाच्या घरात अंधार? आणि तुझ्या मशीनसाठी?”

मागे विज्ञान दिनाला खोडदला गेलो होतो, नारायणगावजवळ, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, उघड्या माळावर तारांची विणलेली परडी ठेवावी तशा. मोबाइल बंद करा असं तिथे सांगत होते, तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. आकाशगंगेतून येणारी कुजबुज ऐकायची तर आपल्या घरातल्या माळा आधी आडव्या येतात, हे देवघरासमोर मांडी घालून बसल्यावर पटलं.

माळ राहिली. त्या चार फ्रीक्वेन्सी वगळल्या.

शनिवार

तपकीर गल्ली, पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. स्कॅनरच्या डोक्यावर एसएमए नावाचा जोड, गच्चीवरून येणाऱ्या वायरीला बीएनसी नावाचा. मधला कन्व्हर्टर हवा होता. काउंटरवरच्या मुलाने वर न बघता विचारलं, “मेल का फिमेल?” मी अँटेना काढून यंत्रच पुढे केलं. हा शहाणपणा मागच्या वेळच्या चुकीतून आलेला. तेव्हा नेमका उलटा आणला होता आणि दोन फिमेल एकमेकींकडे बघत बसल्या होत्या.

संध्याकाळी अँटेना केली. १४५.८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटरच्या जराशी वर, तिचा पाव हिस्सा म्हणजे ५१ सेंटिमीटर. तार जरा कमीच कापायची असते, ४९वर कापली. आईच्या शिवणाच्या टेपने मोजली. टेप परत जागेवर ठेवली, हे इथे नोंदवून ठेवते.

रविवार, पहाटे

गच्चीवर एकटी. सिंहगडावरच्या टॉवरचे लाल दिवे दिसत होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक त्याच बाजूने, नैर्ऋत्येकडून येणार होतं. त्यावरचं हॅमचं पॅकेट यंत्र, म्हणजे मजकूर छोट्या तुकड्यांत पाठवणारं, १४५.८२५वर असतं. ताशी २८ हजार किलोमीटरने ते आपल्याकडे येत असतं, म्हणून आकडा सुरुवातीला साडेतीन किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि निघून जाताना तेवढाच खाली. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीसारखं. माझं यंत्र तिथे पाचच्या पावलांनी चालतं, म्हणून मी ओळीने तीन मेमऱ्या केल्या होत्या. १४५.८३० येताना, १४५.८२५ डोक्यावर, १४५.८२० जाताना. खरं म्हणजे मधल्या एकीवर भागलं असतं. पण साडेबाराशे कप्पे रिकामे असताना काटकसर कशाला करायची?

तीन-चार मिनिटं काही नाही. स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवला होता, खरखर ऐकून कान बधिर झाले. मग एकदम, खरखरीच्या मधोमध, ‘ब्रर्रप’. अर्धा सेकंद. कापडाची पट्टी टर्रकन फाडावी तसा. चकतीचा एक खटका, दुसरी मेमरी. ‘ब्रर्रप. ब्रर्रप.’ मान वर केली तर तो पांढरा ठिपका चालला होता, न लुकलुकता, घाई नसल्यासारखा. २०२५मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथूनच बंगळुरूच्या मुलांशी हॅम रेडिओवर बोलले होते. तेव्हा माझ्याकडे यंत्र नव्हतं. आज माणसाचा आवाज नव्हता, नुसती यंत्रांची आपसातली पत्रं होती, तरी तिसऱ्या मेमरीवर जायचं मी विसरूनच गेले.

सोमवार

काल एवढं लिहायला नको होतं. नजर लागली.

रात्री गच्चीवर बटणं लॉक करायची होती, पिशवीत आपोआप दाबली जाऊ नयेत म्हणून. अंधारात फंक्शन समजून शेजारचं धरलं, अंगठा तिसऱ्याच बटणावर, आणि त्याच स्थितीत यंत्र चालू केलं. पडद्यावर सगळे आकडे एकदम उमटले, काहीतरी अक्षरं चमकली, बीप. मग नवं कोरं. अमुक बटणं धरून चालू केलं तर सगळं पुसलं जावं अशी सोय पुस्तिकेत दिलेली आहे, शेवटून तिसऱ्या पानावर. मी तिथवर पोचले नव्हते.

४७ मेमऱ्या, चार बँका, नावं, वगळलेल्या फ्रीक्वेन्सी, सगळं गेलं. स्टेपसुद्धा पुन्हा १०.

खाली आले तर फळीवरच्या रेडिओवर लाल टिकली जागच्या जागी. मी तिच्याकडे बघितलं नाही.

मंगळवार

आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली आणि तक्ता आखला. कप्पा, आकडा, मोड, स्टेप, नाव. जे आठवलं ते आधी वहीत, मग यंत्रात. ७९२, मोड एएम, स्टेप ९. १०१, रुंद एफएम. ५५८. विद्यावाणी. अवकाशाच्या तिन्ही. असं करत १९ झाल्या. उरलेल्या २८ काय होत्या ते आठवायचा दुपारभर प्रयत्न केला, नाही आठवल्या.

फंक्शनचं बटण बाकीच्यांच्याच उंचीचं आणि त्याच रबराचं आहे, अंधारात हाताला वेगळं लागत नाही. आईकडे टिकली मागितली.

“कुठली? साधी का खड्याची?”

“हाताला लागेल अशी.”

तिने डबी उपसून खड्याची एक काढली, नखाने कागद सोडवून स्वतःच लावली, आणि अंगठा फिरवून पाहिला. मग विचारलं, “ते तुझं पांढरं पुन्हा कधी जाणारे?”

“परवा पहाटे. पाच चाळीस.”

“मला उठव. आणि चहा तू कर.”

सेल चार्जिंगला लावलेत.